आधी परवानगी की नंतर दाद : ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’ या निकालाचा प्रकरण अभ्यास

२५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’ या प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्यातील कलम ४ चे पोटकलम ब घटनाबाह्य ठरवले. हे पोटकलम म्हणजे एक सूत्र होते. ज्या राज्यांचा आणि काउंट्यांचा (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) वर्णभेदाचा इतिहास आहे, त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी, असे कलम ५ सांगत असे. ती राज्ये आणि काउंट्या कोणत्या, हे या सूत्रावरून ठरत असे. न्यायालयाने कलम ५ ला हात लावला नाही. मात्र ते लागू करण्यासाठी एकही प्रदेश उरला नाही, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात ते आजही छापलेले असले तरी व्यवहारात निकामी झाले आहे.

या निकालावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे ‘अमेरिकेच्या दक्षिणेतला वर्णभेद संपला की नाही’ या प्रश्नाभोवती फिरते. प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण मला या प्रकरणाची कळ दुसरीकडे दिसते. निवडणुकीचा एखादा नियम बदलला जातो तेव्हापासून त्या बदलाचा न्यायनिवाडा होईपर्यंत काही काळ जातो. त्या काळात झालेल्या निवडणुकांचे नुकसान कोणी सोसायचे, नियम बदलणाऱ्याने की मतदाराने? १९६५ च्या कायद्याने याचे जे उत्तर दिले होते ते २०१३ मध्ये उलटले, आणि पुढच्या साऱ्या घडामोडी त्यातून आल्या आहेत.

पूर्वमंजुरीची गरज का पडली

आपल्याकडे मतदार यादीपासून मतमोजणीपर्यंतचा लोकसभा-विधानसभा निवडणुकांचा सारा कारभार संविधानाच्या अनुच्छेद ३२४ नुसार निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली चालतो. अमेरिकेत अशी यंत्रणा नाही. तिथे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचेही नियम राज्ये करतात आणि प्रत्यक्ष काम काउंटी व नगरपालिकांच्या पातळीवर चालते. मतदान केंद्र कुठे असावे, प्रभागाची हद्द कुठून जावी, यादीत नाव कसे नोंदवावे, हे हजारो स्थानिक अधिकारी ठरवतात. मनात आणले तर त्यांना मतदाराला अडवण्याचे अगणित मार्ग मोकळे असतात.

वर्णावरून कोणालाही मताधिकार नाकारता येणार नाही आणि या तरतुदीची अंमलबजावणी करण्यासाठी काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला; सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही तिची दोन सभागृहे) कायदा करता येईल, असे अमेरिकेच्या घटनेची १५ वी दुरुस्ती १८७० पासून सांगते. दक्षिणेकडच्या राज्यांनी त्यावर साक्षरता चाचणी, मतदान कर, ‘चांगल्या चारित्र्या’ची हमी असे उपाय शोधले. चाचणी कागदावर सर्वांसाठी असे, पण घटनेतले कोणते वाक्य कोणाला समजावून सांगायला लावायचे आणि कोणाचे उत्तर बरोबर धरायचे, हे टेबलापलीकडे बसलेला नोंदणी अधिकारी ठरवी. गोऱ्या अर्जदाराला सोपे वाक्य आणि कृष्णवर्णीय अर्जदाराला किचकट, असा प्रकार न्यायालयांसमोर वारंवार सिद्ध झाला.

अलाबामातल्या डॅलस काउंटीचे उदाहरण घेऊ. सेल्मा हे तिचे मुख्य शहर. मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय नागरिक तिथे राहत होते. केंद्राच्या न्याय खात्याने काउंटीविरुद्ध दावा लावला, चार वर्षे तो चालवला, अनुकूल निकालही मिळवले. एवढे झाल्यावर नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांची संख्या १५६ वरून ३८३ वर गेली! न्यायालयाने एक युक्ती बंद केली की अधिकारी दुसरी काढत, आणि नव्या युक्तीविरुद्ध पुन्हा पहिल्यापासून दावा लावावा लागे. काही ठिकाणी तर नोंदणी कार्यालयच बंद ठेवले जाई. कायदा मतदाराच्या बाजूने होता. वेळ मात्र अडवणाऱ्याच्या बाजूने होता.

७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर सुमारे ६०० निदर्शकांवर राज्य पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. त्यात पंचवीस वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. हेच लुईस पुढे तेहतीस वर्षे काँग्रेसचे सदस्य होते. ती दृश्ये देशभर दूरचित्रवाणीवर दिसली. त्यानंतर पाच महिन्यांत, ६ ऑगस्टला, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली.

कायद्याने मताधिकाराची पुन्हा एकदा घोषणा केली असती तर ती १८७० च्या घोषणेपेक्षा फारशी वेगळी ठरली नसती. त्याने काम करण्याची रीतच बदलली. १ नोव्हेंबर १९६४ रोजी जिथे साक्षरता चाचणीसारखी अट लागू होती आणि जिथे मतदानाच्या वयाच्या निम्म्याहून कमी लोकांची नोंदणी झाली होती किंवा निम्म्याहून कमी लोकांनी त्या वर्षी मतदान केले होते, ते प्रदेश कलम ५ खाली आले. तिथल्या कोणत्याही संस्थेने निवडणुकीचा नियम बदलायचा ठरवला, मग तो राज्याचा कायदा असो की एखादे मतदान केंद्र शाळेतून चर्चमध्ये हलवणे असो, की तो प्रस्ताव आधी वॉशिंग्टनला न्याय खात्याकडे किंवा तिथल्या तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाकडे पाठवणे भाग होते. खात्याला ६० दिवसांची मुदत असे. बदलाचा हेतू आणि परिणाम भेदभावाचा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बदल करणाऱ्यावर होती, आणि मंजुरी येईपर्यंत जुनाच नियम चालू राही.

साउथ कॅरोलिनाने या कायद्याला आव्हान दिले तेव्हा, १९६६ मध्ये, सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालपत्रात या रचनेचे मर्म नेमके मांडले. जवळपास शतकभर पद्धतशीर विरोध सोसल्यानंतर, काळाचा आणि दिरंगाईचा फायदा अन्याय करणाऱ्यांकडून काढून तो अन्याय सोसणाऱ्यांना द्यावा असे काँग्रेसने ठरवले तर ते योग्यच आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. माझ्या मते या एका वाक्यात कलम ५ चे सारे समर्थन सामावलेले आहे.

परिणाम झपाट्याने दिसला. १९६५ मध्ये अलाबामात गोऱ्यांची नोंदणी ६९.२ टक्के आणि कृष्णवर्णीयांची १९.३ टक्के होती; २००४ मध्ये ते आकडे ७३.८ आणि ७२.९ झाले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून ७६.१ टक्क्यांवर गेली आणि गोऱ्यांच्याही पुढे निघाली. पुढे हेच आकडे कायदा अनावश्यक झाल्याचा पुरावा म्हणून मांडले गेले.

कॅलेराची प्रभाग रचना

यादीत नाव घालणे अडवता येईना, तेव्हा अडवणूक नकाशाकडे वळली. मत देता येणे ही एक गोष्ट आणि त्या मताने आपल्या पसंतीचा माणूस निवडून आणता येणे ही दुसरी. हा फरक मराठी वाचकाला १९३२ च्या पुणे कराराच्या वादापासून परिचयाचा आहे. (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न आणि आपला प्रश्न यांतले साम्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच नोंदवले आहे.) सगळ्या जागा अख्ख्या शहराच्या एकत्रित मतदानाने भरणे, गोऱ्यांच्या वस्त्या हद्दवाढीने शहरात घेणे, कृष्णवर्णीय वस्ती अनेक प्रभागांत फोडणे किंवा एकाच प्रभागात कोंबणे, असे या नव्या अडथळ्यांचे स्वरूप होते.

मिसिसिपीतल्या किलमायकल या छोट्या गावात २००१ मध्ये त्याहूनही उघड प्रकार घडला. कृष्णवर्णीय उमेदवार पूर्वी कधी नव्हते इतक्या संख्येने रिंगणात उतरले, तेव्हा गोरा महापौर आणि पाचही गोरे सदस्य असलेल्या मंडळाने निवडणूकच रद्द केली. न्याय खात्याने कलम ५ खाली हरकत घेतली आणि निवडणूक घ्यायला लावली. गावाला पहिला कृष्णवर्णीय महापौर मिळाला आणि तीन कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले.

आता शेल्बी काउंटीकडे येऊ. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला असलेली ही काउंटी उपनगरी वस्तीने वेगाने वाढली. तिच्यातल्या कॅलेरा या लहान शहराच्या नगर परिषदेत एकच प्रभाग कृष्णवर्णीयबहुल होता आणि तिथून २००४ मध्ये अर्नेस्ट माँटगोमेरी निवडून आले होते. परिषदेतले ते एकमेव कृष्णवर्णीय सदस्य. मधल्या काळात शहराने तब्बल १७७ हद्दवाढी केल्या आणि त्यांची पूर्वमंजुरी घेतली नाही. त्यानंतर प्रभागांची फेररचना झाली आणि माँटगोमेरींच्या प्रभागातले कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून सुमारे ३० टक्क्यांवर आले.

न्याय खात्याने ऑगस्ट २००८ मध्ये हरकत नोंदवली. हद्दवाढीचे प्रस्ताव वेळेत आले नव्हते आणि शहराने मांडलेले लोकसंख्येचे अंदाज विश्वासार्ह नव्हते, असे खात्याचे म्हणणे होते. कॅलेराने मंजुरी नसलेल्या नकाशावरच निवडणूक घेतली आणि माँटगोमेरी थोडक्यात पडले. इथे कलम ५ कामाला आले. मंजुरी नसल्यामुळे तो निकाल टिकू शकत नव्हता. खात्याने न्यायालयात अर्ज केला, शहराने तडजोड केली आणि सगळ्या जागांसाठी शहरभर एकत्र मतदान, पण प्रत्येक मतदाराला जागांपेक्षा कमी मते, अशी पद्धत स्वीकारली. या पद्धतीत संघटित अल्पसंख्याकांना आपली मते एका उमेदवारावर एकवटता येतात. पुढच्या वर्षी फेरनिवडणूक झाली आणि माँटगोमेरी परत आले.

मतदार संख्येने लहान अशा शहरातली एका जागेची ही गोष्ट आहे. कोणत्या वृत्तपत्राने तिच्यासाठी वार्ताहर धाडला असता आणि कोणत्या वकिलाने वर्षानुवर्षे दावा लढवला असता? कलम ५ चे बहुतांश काम अशाच ठिकाणी चाले. विधिमंडळाच्या गाजलेल्या कायद्यांपेक्षा पाणीपट्टी आणि रस्त्यांच्या विषयांबरोबर मंजूर होणाऱ्या प्रभागांच्या हद्दींवर त्याची नजर असे.

काउंटीचा दावा

कायद्यात बाहेर पडण्याची वाटही होती. सलग दहा वर्षे ज्या काउंटीचे वर्तन निर्दोष असेल तिला पूर्वमंजुरीतून मुक्तता मागता येत असे, आणि अनेकांनी ती मिळवलीही. शेल्बी काउंटीने असा अर्ज केला नाही. कॅलेरावरची हरकत ताजी असल्याने तो मंजूर होण्यासारखा नव्हता. एप्रिल २०१० मध्ये तिने थेट कायद्यालाच आव्हान दिले. या दाव्यामागे एडवर्ड ब्लम यांची ‘प्रोजेक्ट ऑन फेअर रिप्रेझेंटेशन’ ही संस्था उभी होती. जिल्हा न्यायालयात न्यायाधीश जॉन बेट्स यांनी सप्टेंबर २०११ मध्ये आणि अपील न्यायालयाने मे २०१२ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरवला. काउंटी सर्वोच्च न्यायालयात गेली.

काउंटीची बाजू पोकळ होती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काँग्रेसने १९७०, १९७५ आणि १९८२ मध्ये कायद्याची मुदत वाढवली, १९७५ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांचा समावेश केला, आणि २००६ मध्ये आणखी २५ वर्षांची मुदत दिली. तेव्हा सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधिगृहात ३९० विरुद्ध ३३ अशी मते पडली. पण यादी ठरवणारे सूत्र १९६४, १९६८ आणि १९७२ च्या निवडणुकांच्या आकड्यांवरच थांबले होते. २००६ मध्ये जी राज्ये यादीत होती ती आजोबांच्या पिढीतल्या वर्तनामुळे होती. सुनावणीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विचारले की गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे प्रमाण सर्वांत वाईट कुठे आहे, आणि उत्तरही स्वतःच दिले : मॅसॅच्युसेट्स. त्या राज्याने या आकडेवारीच्या वाचनावर आक्षेप घेतला, तरी प्रश्नाचा रोख खोटा नव्हता. वर्णभेदाला भौगोलिक सीमा नसते. याच सुनावणीत न्यायमूर्ती ॲन्टोनिन स्कालिया यांनी कायद्याच्या मुदतवाढीला ‘वांशिक विशेषाधिकार चालू ठेवणे’ असे म्हटले. १५ व्या दुरुस्तीने दिलेला मूलभूत हक्क मागणाऱ्यांना हे शब्द किती जिव्हारी लागले असतील हे सांगायला नको.

रॉबर्ट्स यांच्या निकालपत्राचा गाभा असा : सर्व राज्यांचे सार्वभौमत्व समान आहे, काही राज्यांनाच आपल्या कायद्यासाठी केंद्राच्या दारात उभे करणे हा असाधारण उपाय आहे, असाधारण उपाय आजच्या परिस्थितीने समर्थनीय ठरला पाहिजे, देश बदलला आहे आणि काँग्रेसने मात्र चाळीस वर्षांपूर्वीचे आकडे तसेच ठेवले. पहिल्या दशकात न्याय खात्याच्या हरकतींचे प्रमाण १४.२ टक्के होते आणि २००६ पूर्वीच्या दशकात ते ०.१६ टक्क्यावर आले होते, हेही त्यांनी नोंदवले.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या मतभिन्न निकालपत्रात, ज्याला ब्रायर, सोतोमायोर आणि केगन यांनी दुजोरा दिला, या आकड्याचा अर्थ नेमका उलट लावला आहे. हरकती कमी झाल्या कारण पूर्वमंजुरीच्या धास्तीने वाईट प्रस्ताव पुढे येईनासे झाले. तरीही १९८२ ते २००६ या काळात न्याय खात्याने ७०० हून अधिक बदल भेदभावाच्या कारणाने रोखले, आणि खात्याने अधिक माहिती मागताच ८०० हून अधिक प्रस्ताव एक तर बदलले गेले किंवा मागे घेतले गेले. काँग्रेससमोर १५,००० पानांचे पुरावे होते. समान सार्वभौमत्वाचे तत्त्व १९६६ च्या निकालात नव्या राज्यांना संघात सामावून घेण्याच्या अटींपुरते मर्यादित केले होते, हेही गिन्सबर्ग यांनी दाखवले. पूर्वमंजुरी काम करते आहे म्हणून ती काढून टाकणे म्हणजे आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देणे होय, हे त्यांचे वाक्य त्यानंतर सर्वत्र उद्धृत झाले.

सूत्र जुने झाले होते, एवढे मला पटते. ते नवे करण्याचे काम काँग्रेसने २००६ मध्ये टाळले, कारण कोणती राज्ये नव्याने घ्यायची या वादात कायदाच बुडाला असता. परंतु १५ व्या दुरुस्तीने अंमलबजावणीचा अधिकार काँग्रेसला नावानिशी दिला आहे, आणि दोन्ही पक्षांनी इतक्या बहुमताने घेतलेला निर्णय पाच न्यायाधीशांनी आपल्या अंदाजाने बाजूला सारावा, याला माझ्या समजुतीने घटनेत आधार सापडत नाही.

निकालानंतरची वर्षे

टेक्सासचा २०११ चा ओळखपत्र कायदा पूर्वमंजुरीच्या टप्प्यावर वॉशिंग्टनच्या न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये अडवला होता. शेल्बी निकालाच्या दिवशीच, काही तासांत, राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल (मुख्य विधी अधिकारी) ग्रेग ॲबट यांनी तो तत्काळ लागू होत असल्याचे जाहीर केले. या कायद्यानुसार पिस्तूल बाळगण्याचा परवाना ओळख म्हणून चाले, पण विद्यापीठाचे विद्यार्थी ओळखपत्र चालत नसे. यादीत नाव असलेल्या सुमारे ६,०८,००० मतदारांकडे लागू असलेल्यांपैकी एकही ओळखपत्र नाही, असे जिल्हा न्यायालयाने २०१४ मध्ये नोंदवून कायद्याला मनाई केली. तरी निवडणूक तोंडावर आल्याच्या कारणाने वरच्या न्यायालयांनी ती मनाई थोपवली आणि त्या नोव्हेंबरचे मतदान त्याच कायद्याखाली झाले. पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने या कायद्याचा परिणाम भेदभावाचा असल्याचे मान्य केले ते जुलै २०१६ मध्ये.

नॉर्थ कॅरोलिनात १०० पैकी ४० काउंट्या पूर्वमंजुरीखाली होत्या. तिथे ओळखपत्रापुरते मर्यादित असलेले १६ पानांचे विधेयक निकालानंतर ५७ पानांचे झाले. मतदानाच्या पद्धतींचा वापर कोणत्या वंशाचे लोक किती करतात याची आकडेवारी विधिमंडळाने मागवली, आणि मग आगाऊ मतदानाचे १७ दिवस १० वर आणले, मतदानाच्या वेळीच नोंदणी करण्याची सोय बंद केली, चुकीच्या केंद्रावर टाकलेली मते मोजणे बंद केले. या सोयी कृष्णवर्णीय मतदार अधिक वापरत असत. चौथ्या अपील न्यायालयाने २९ जुलै २०१६ रोजी कायदा रद्द करताना लिहिले की त्याच्या तरतुदींनी आफ्रिकन अमेरिकनांना जवळपास शस्त्रक्रियेच्या अचूकतेने लक्ष्य केले आहे. पण मधली २०१४ ची निवडणूक होऊन गेली होती. त्या वर्षी जे घरी परतले त्यांना २०१६ च्या निकालपत्राने काय मिळाले?

मतदान केंद्रांच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड आहे. नागरी हक्क संघटनांच्या ‘लीडरशिप कॉन्फरन्स’ने २०१९ मध्ये पूर्वी पूर्वमंजुरीखाली असलेल्या ७५७ काउंट्यांचा अभ्यास करून २०१२ ते २०१८ या काळात १,६८८ केंद्रे बंद झाल्याचे दाखवले. त्यातले प्रत्येक केंद्र भेदभावाने बंद झाले असे कोणी म्हणू नये. काही काउंट्यांनी छोटी केंद्रे मिटवून कोठूनही मत देता येईल अशी मोठी केंद्रे उघडली. पण पूर्वी हे ठरवण्यासाठी कागद असत. कोणते केंद्र, का, त्याचा परिणाम कोणावर, हे काउंटीला आधी लिहून द्यावे लागे आणि स्थानिक नागरिकांना त्यावर आपले म्हणणे कळवता येई. आता कित्येक मतदारांना बदल कळतो तो कुलूपबंद दारासमोर उभे राहिल्यावर.

कलम ५ गेले तरी कलम २ आहे, असे निकालाचे समर्थक सांगत, आणि ते खरे होते. कलम २ देशभर लागू आहे; १९८२ च्या दुरुस्तीनंतर त्याखाली भेदभावाचा हेतू नव्हे, तर परिणाम सिद्ध केला तरी पुरते. मात्र तिथे मतदाराने दावा लावायचा, तज्ज्ञ नेमायचे, खर्च सोसायचा, आणि तोवर नवा नियम चालू राहतो. जुलै २०२१ मध्ये ॲरिझोनाच्या ‘ब्र्नोविच’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, मतदानाच्या नियमांविरुद्धचे असे दावे जिंकणे आणखी कठीण केले. २०२३ मध्ये आठव्या अपील न्यायालयाने तर कलम २ खाली खासगी नागरिकांना दावाच लावता येत नाही, तो अधिकार फक्त केंद्राच्या ॲटर्नी जनरलचा, असा निर्णय आर्कान्सॉच्या प्रकरणात दिला.

अलाबामाच्याच पुढच्या प्रकरणात काळाचा हा हिशेब सर्वांत स्वच्छ दिसतो. राज्यातली सुमारे २७ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय आहे; काँग्रेसच्या सात मतदारसंघांपैकी एकच कृष्णवर्णीयबहुल होता. २०२० च्या जनगणनेनंतरच्या नकाशात तेच कायम राहिले. जानेवारी २०२२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने, ज्यात दोघांची नेमणूक अध्यक्ष ट्रम्प यांनी केली होती, एकमताने तो नकाशा कलम २ चे उल्लंघन करणारा ठरवला. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या आदेशाला स्थगिती दिली आणि २०२२ ची निवडणूक त्याच नकाशावर झाली. मग ८ जून २०२३ रोजी ‘ॲलन विरुद्ध मिलिगन’मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी खालचा निकाल उचलून धरला, निकालपत्र रॉबर्ट्स यांनीच लिहिले. यानंतरही विधिमंडळाने जो नकाशा काढला त्यात दुसऱ्या मतदारसंघातले कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासच ठेवले. शेवटी न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाकडून नकाशा तयार करून घेतला, आणि २०२४ मध्ये नव्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स निवडून आले. मे २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयाने २०२३ चा तो नकाशा जाणूनबुजून भेदभाव करणारा होता असेही ठरवले. एक स्थगिती सोडली तर मतदारांनी प्रत्येक टप्पा जिंकला आणि तरी काँग्रेसची दोन वर्षांची पूर्ण मुदत त्यांच्या हातून गेली. कलम ५ असते तर तो नकाशा मंजुरीविना वापरताच आला नसता.

समर्थकांचा एक मुद्दा अजून उरतो. २०१२ मध्ये, म्हणजे निकालापूर्वीच, देशभर कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे प्रमाण ६६.२ टक्के होते आणि गोऱ्यांचे ६४.१ टक्के, मग धोका कुठे आहे? ओबामा उमेदवार असलेल्या त्या वर्षीचा आकडा सर्वसाधारण मानता येत नाही, हे एक उत्तर. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. एकूण मतदानाच्या टक्केवारीतून अडथळा मोजता येत नाही. अडथळा आला की नागरी संघटना, चर्च आणि शेजारीपाजारी गाड्या काढतात, कागदपत्रे जमवून देतात, रांगेत पाणी पोचवतात. त्यांच्या कष्टाने टक्केवारी टिकते, म्हणून अडथळा न्याय्य ठरत नाही. शिवाय किलमायकल किंवा कॅलेरासारख्या ठिकाणी प्रश्न मतदानाच्या टक्केवारीचा नव्हताच.

काँग्रेसला नवे सूत्र करता येईल, असे रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात स्पष्ट लिहिले होते. जॉन लुईस यांच्या नावाचे विधेयक प्रतिनिधिगृहाने ऑगस्ट २०२१ मध्ये २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडले. दरम्यान कलम २ वरचा दबाव वाढत गेला. लुइझियानात कृष्णवर्णीय लोकसंख्या सुमारे एक तृतीयांश आहे आणि काँग्रेसच्या सहा जागा आहेत. खालच्या न्यायालयांच्या निकालांमुळे राज्याने दुसरा कृष्णवर्णीयबहुल मतदारसंघ आखला, तेव्हा काही मतदारांनी त्यालाच वांशिक भेदभाव म्हणून आव्हान दिले. ‘लुइझियाना विरुद्ध कॅले’ या त्या प्रकरणाची सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी फेरसुनावणी घेतली. असा मतदारसंघ जाणूनबुजून आखणे १४ व्या (कायद्यापुढे समानतेची हमी देणाऱ्या) किंवा १५ व्या दुरुस्तीचा भंग ठरते का, हा प्रश्न न्यायालयाने स्वतःहून पुढे ठेवला होता. कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी केलेली दुरुस्ती त्यांच्या प्रतिनिधित्वाविरुद्ध वापरता येते का, असा हा प्रश्न होता, आणि तो विचारला जावा हेच मला अस्वस्थ करणारे वाटते.

केंद्रातली वाट बंद झाल्यावर काही राज्यांनी आपापले मतदान हक्क कायदे केले आहेत. कॅलिफोर्नियाने २००२ मध्येच सुरुवात केली होती; न्यूयॉर्कने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यात स्वतःची पूर्वमंजुरीची व्यवस्था आहे. यात व्हर्जिनियाचा २०२१ चा कायदा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण हे राज्य स्वतः १९६५ पासून कलम ५ खाली होते. तिथे आता स्थानिक संस्थेला मतदान केंद्र हलवायचे किंवा प्रभागाची हद्द बदलायची असेल तर प्रस्ताव आधी प्रसिद्ध करून किमान ३० दिवस लोकांच्या हरकती व सूचना घ्याव्या लागतात आणि त्यानंतरही आणखी ३० दिवस थांबावे लागते. नाहीतर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. बदल आधी दाखवायचा आणि मग अमलात आणायचा, हा १९६५ चा क्रम तिथे राज्याच्या पातळीवर पुन्हा आला आहे. २०१३ पूर्वी जी नऊ राज्ये संपूर्णपणे पूर्वमंजुरीखाली होती, त्यांपैकी असा कायदा करणारे व्हर्जिनिया हे एकमेव राज्य आहे.